रोज पाऊण तास वाजवूनही गिटारवर हात पुढे का सरकत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार वर्षांपासून अकूस्टिक गिटार वाजवताय. नोकरी सांभाळून रोज पाऊण तास बसता. वीसेक कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचे गट) येतात, दहा-बारा गाणी हातात आहेत. पण गेलं दीड वर्ष गाडी तिथेच अडकली आहे. एफ कॉर्ड वाजवली की दोन तारा खरखरतात आणि कॉर्ड बदलताना ठेका मोडतो. मग रियाज दोन तासांवर न्यायचा का, बोटं आखूड आहेत म्हणून असं होतंय का, की गिटारच बदलायची?

मी २२ वर्षं गिटार शिकवतोय, आणि हा प्रश्न घेऊन येणारी माणसं मला सगळ्यात जवळची वाटतात. नवशिक्या उत्साहात असतो, त्याला ढकलावं लागत नाही. चार वर्षं रोज बसणाऱ्याला मात्र खरंच वाजवायचं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वेळेचं. पाऊण तास पुरेसा आहे. त्या पाऊण तासात नेमकं काय होतं ते एकदा मोजून बघा. समजा गाणं तीन मिनिटांचं आहे आणि त्यात सी वरून एफ वर जायची जागा आठ वेळा येते. प्रत्येक वेळी तो बदल साधारण अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे एका गाण्यात चार सेकंद. पाऊण तासात गाणं पंधरा वेळा वाजवलंत, तर अडचणीच्या जागेवर हात एकूण साठ सेकंद होता. उरलेली ४४ मिनिटं जे येतं तेच वाजवण्यात गेली. आणि त्या साठ सेकंदांतही बदल बहुतेक वेळा चुकीचाच झाला, कारण गाण्याच्या वेगात तो नीट करायला सवडच नव्हती. दोन तास बसलात तर हीच चूक तुम्ही आणखी पक्की कराल. हाताला बरोबर-चूक कळत नाही, जे पुन्हा पुन्हा घडतं ते तो धरून ठेवतो.

वाजवणं आणि रियाज ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही हवीत. वाजवण्यात आनंद आहे, तो सोडू नका. पण वाजवताना आपण चुकीवरून पुढे जातो आणि रियाजात चुकीपाशी थांबतो. तुमच्या पाऊण तासात मला सगळं वाजवणंच दिसतं.

यावर एक अभ्यास मला फार पटतो. २००९ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या रॉबर्ट ड्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ पियानो विद्यार्थ्यांना रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या एका कॉन्चेर्तोमधला छोटा तुकडा बसवायला दिला. हवा तितका वेळ घ्या म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. कोणी किती वेळ बसलं, किती वेळा वाजवलं, याचा दुसऱ्या दिवशीच्या वाजवण्याशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो एकूण आवर्तनांपैकी बरोबर आवर्तनं किती होती याच्याशी. जे वरचढ ठरले तेही सुरुवातीला चुकलेच होते. फक्त चूक झाली की ते तिथल्या तिथे थांबले, चुकीची नेमकी जागा शोधली, वेग उतरवला आणि ती जागा सुटेपर्यंत पुढे गेले नाहीत.

आता हेच तुमच्या एफवर करून बघू. ‘एफ येत नाही’ हे वाक्य रियाजाच्या कामाचं नाही, ते फार मोठं आहे. एफ धरा आणि सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेपासून पहिलीपर्यंत एकेक तार सावकाश छेडा. कुठली तार मुकी आहे? कुठली खरखरते? बहुतेकांच्या बाबतीत दुसरी आणि पहिली तार बिघडलेली असते. हे कळलं की तुमची अडचण सहा तारांवरून दोन तारांवर आली.

एफमध्ये पहिलं बोट सहाही तारांवर आडवं असतं, पण त्याला सहाही तारा दाबायच्या नसतात. पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांमधल्या तिसऱ्या घरात) अनामिका आहे, चौथीवर तिसऱ्याच फ्रेटला करंगळी आणि तिसरीवर दुसऱ्या फ्रेटला मधलं बोट. या तिन्ही तारांचा आवाज त्या बोटांमुळे येतो. आडव्या बोटाला फक्त सहावी, दुसरी आणि पहिली वाजवायची आहे. म्हणजे बोटाच्या मधल्या भागावर जोर लावून उपयोग नाही. आणि बोट सपाट ठेवलंत तर पेरांजवळचा मऊ, खोलगट भाग नेमका तारेखाली येतो. म्हणून बोट किंचित नटच्या (दांडीच्या टोकाकडे तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या) बाजूला कलवा, म्हणजे त्याची हाडाळ कड तारांवर येईल. फ्रेटच्या पट्टीला अगदी लागून ठेवा. पट्टीपासून जितकं मागे जाल तितका जोर जास्त लागतो, हे एका बोटाने एकच तार दाबूनही कळेल.

जोर अंगठ्याचा लावू नका. अंगठा आणि बोट यांच्यात गिटारची मान, म्हणजे दांडी, चिमटीत धरली की तीस सेकंदांत तळहात भरून येतो. उजव्या हाताच्या कोपराजवळच्या भागाने गिटार छातीशी हलकी दाबून ठेवा आणि डावा कोपर सैल सोडून किंचित मागे ओढा. हाताच्या वजनानेच बोट तारांवर बसतं. प्रयोग म्हणून अंगठा मानेवरून पूर्ण काढून एफ वाजवून बघा. पूर्ण साफ येणार नाही, पण जोर कुठून यायला हवा ते हाताला लगेच उमगेल.

आणि एफची सुरुवात एफवर करू नका. पहिला फ्रेट ही बार कॉर्डसाठी, म्हणजे एक बोट आडवं ठेवून धरायच्या कॉर्डसाठी, सगळ्यात अवघड जागा, कारण तिथे नट जवळ असल्याने तार दाबायला कडक लागते आणि फ्रेटमधलं अंतरही सर्वात मोठं असतं. हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, तो ए मेजर होतो. तिथे सगळ्या तारा साफ आल्या की चौथ्यावर, मग तिसऱ्यावर, जिथे तो जी होतो. दोन मात्रा धरा, सोडा, हात झटका, पुन्हा धरा. सलग दाबून ठेवण्यापेक्षा सोडून पुन्हा धरण्यात शिकणं आहे. दिवसाला पाच मिनिटं पुरतात. मी पाहिलेल्या बहुतेकांना पाचव्या फ्रेटवरून पहिल्यावर यायला तीन ते सहा आठवडे लागले.

इथवर झाला नुसता एफ. तुमचा ठेका मोडतो तो सी वरून एफ वर जाताना, आणि ती वेगळी अडचण आहे.

सी धरा आणि डाव्या हाताकडे बघा. अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला आहे. एफमध्ये अनामिका कुठे असते? पाचव्या तारेवर, तिसऱ्या फ्रेटला. ती जागची हलतच नाही! तरीही माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ जण सी सोडताना चारही बोटं हवेत उचलतात आणि एफ नव्याने शोधायला लागतात. अनामिका खिळ्यासारखी तिथेच ठेवा. मधलं बोट चौथ्या तारेवरून तिसऱ्या तारेवर सरकतं, फ्रेट तोच. करंगळी चौथ्या तारेवर अनामिकेच्या खाली येऊन बसते. आणि पहिलं बोट, जे टोकावर उभं होतं, ते आडवं होतं. संपूर्ण बदल एवढाच.

हा बदल गाण्याबाहेर काढा. उजवा हात मांडीवर ठेवा, आवाज नको. सी, मग अनामिका न उचलता एफ, मग परत सी. इतकं हळू करा की चुकणं जवळजवळ अशक्य व्हावं. दहा वेळा बरोबर झालं की तारा छेडून तपासा. एकदा चुकलात तर आणखी हळू. एका शिक्षिकेला मी दोन आठवडे रोज चार मिनिटं फक्त एवढंच करायला सांगितलं होतं. तिसऱ्या आठवड्यात त्या गाणं वाजवत होत्या आणि एफ येऊन गेला हे त्यांना दोन ओळी पुढे गेल्यावर कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते आश्चर्य अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

अशा न हलणाऱ्या बोटांच्या जागा तुमच्या वीस कॉर्डमध्ये भरपूर आहेत. ए मायनर ते सी करताना फक्त अनामिका हलते. जी चार बोटांनी धरत असाल, म्हणजे अनामिका दुसऱ्या आणि करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, तर डी वर जाताना अनामिका जागीच राहते. तुमच्या गाण्यांतली प्रत्येक जोडी अशी डोळ्यांनी तपासा. हा तासाभराचा उद्योग आहे, पण त्याने वर्षांची अडचण सुटते.

आता ठेका. कॉर्ड वेळेत बसत नाही म्हणून ठेका मोडतो असं तुम्हाला वाटतं. माझ्या मते अर्धा दोष उजव्या हाताचा आहे: तो डाव्या हाताची वाट बघत थांबतो. उजव्या हाताने कोणासाठीही थांबायचं नाही. एक-दोन-तीन-चारला खाली, मधल्या अर्ध्या मात्रांना वर, असा तो झोपाळ्यासारखा चालत राहिला पाहिजे. पॅटर्नमध्ये एखादा स्ट्रोक गाळायचा असेल तेव्हाही हात फिरतो, फक्त तारांना लागत नाही. कॉर्ड तयार नसेल तर मुकी तार वाजू दे, चुकीचा सूर वाजू दे, पण हात चालू दे. असं आठवडाभर केलंत की डावा हात आपोआप घाई करायला शिकतो, कारण कोणी थांबणार नाही हे त्याला कळतं.

इथे एक गोष्ट सांगतो, ती बऱ्याच जणांना कोणी सांगितलेली नसते. चौथ्या मात्रेनंतरचा शेवटचा वरचा स्ट्रोक मुरलेले वादकही पुष्कळदा मोकळ्या तारांवरच मारतात. त्या अर्ध्या मात्रेत डावा हात पुढच्या कॉर्डकडे निघालेला असतो. वेगात ते कानाला खटकत नाही, उलट ठेक्याला हवा मिळते. आधीची कॉर्ड शेवटच्या क्षणापर्यंत धरून ठेवायची सक्ती तुम्ही स्वतःवर करत असाल तर ती सोडून द्या.

मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने ठोके देणारं यंत्र) लावा, पण साठवर. मिनिटाला साठ ठोके ऐकायला फार संथ वाटतात. संथ लयीत दोन ठोक्यांमधली रिकामी जागा स्वतः भरावी लागते, आणि लय तिथेच तयार होते. साठवर चार आवर्तनं स्वच्छ झाली की चौसष्ट करा. चुकलात तर मागे या. मग कधीतरी ठोका फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर आहे असं धरून वाजवून बघा. पहिल्या दिवशी पाय घसरल्यासारखं होईल, पण ज्याला हे जमतं त्याची लय सहसा हलत नाही.

आणि फोनवर रेकॉर्ड करा. हे मी माझ्या अनुभवावरून कळकळीने सांगतोय. पहिली सहा वर्षं मी समजत होतो की माझी लय पक्की आहे. मग एकदा एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ऐकलं. सोप्या कडव्यात मी धावत होतो आणि अवघड जागा आली की मागे खेचत होतो, दर वेळी, न चुकता. वाजवताना मला ते एकदाही ऐकू आलं नव्हतं, कारण वाजवणाऱ्याचं निम्मं लक्ष बोटांत असतं. एका मिनिटाचं रेकॉर्डिंग पुरतं. ऐकताना सगळ्या चुका लिहू नका, एकच निवडा आणि उद्याचा रियाज तिच्यावर करा.

पाऊण तासाची मांडणी मी अशी करेन. पहिली पंचवीस मिनिटं रियाज, उरलेली वीस मनसोक्त वाजवणं, आणि त्या वीस मिनिटांत स्वतःला अजिबात टोकायचं नाही. पंचवीस मिनिटांत दोन-तीनच गोष्टी घ्या: एफचा आकार, सी-एफ बदल आणि लयीचा एक धडा. एकच गोष्ट सलग पंचवीस मिनिटं घोटू नका. पाच मिनिटांनी बदला, मग परत तिच्यावर या. १९७९ मध्ये शे आणि मॉर्गन या दोघांनी केलेला प्रयोग याबाबतीत बोलका आहे. लोकांना छोटे लाकडी अडथळे हाताने ठराविक क्रमाने पाडायला शिकवलं, असे तीन क्रम होते. एका गटाने एक क्रम पूर्ण घोटून मगच दुसरा घेतला, दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून केले. सरावाच्या वेळी घोटणारे पुढे होते. नंतर परीक्षा घेतली तेव्हा मिसळून करणाऱ्यांनी चांगलं केलं. तुमच्या बाबतीतही मिसळून केलेला रियाज त्या दिवशी वाईट वाटेल. ‘आज काहीच जमलं नाही’ असं वाटलं तरी दोन दिवस थांबून मग ठरवा.

दहा हजार तासांचा आकडा तुमच्याही कानावर आला असेल. तो अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ च्या अभ्यासातून निघाला. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा तो अभ्यास होता, आणि आकडा म्हणजे सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत केलेल्या सरावाची सरासरी होती. इतके तास भरले की माणूस तयार होतो, असं त्यात कुठेही नाही. त्याच अभ्यासातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे: ती मुलं लक्ष देऊन, तुकड्यातुकड्यांत सराव करत, मध्ये विश्रांती घेत आणि झोपही भरपूर घेत. लक्ष उडालं की गिटार खाली ठेवा. तुम्हाला शक्य असेल तर सकाळी पंधरा मिनिटं आणि रात्री तीस, अशी विभागणी एका बैठकीपेक्षा जास्त देऊन जाते.

दुखण्याबद्दल मात्र ठामपणे सांगतो. बोटांची टोकं हुळहुळणं ठीक आहे, घट्टे पडले की ते जातं. मनगट, अंगठ्याचं मूळ किंवा कोपर यांत कळ येत असेल तर त्याच क्षणी थांबा. मनगट फार वाकलं आहे का, खांदा वर चढला आहे का ते आरशात बघा. एवढं करूनही कळ राहिली तर डॉक्टरांना दाखवा, रियाजाने ती जाणार नाही.

बोटं आखूड असण्याबद्दल. जँगो राईनहार्ट या वादकाचा डावा हात १९२८ मध्ये आगीत भाजला आणि अनामिका व करंगळी जवळजवळ निकामी झाल्या. त्याने उरलेल्या दोन बोटांनी सोलो वाजवायची स्वतःची पद्धत घडवली आणि जॅझ गिटारचा इतिहास बदलला. तुमच्या चारही बोटांना एफ सहज पोचतो. पोचत नसल्यासारखं वाटतं ते अंगठा मानेवरून वर डोकावत असल्यामुळे. तो मानेच्या मागे, मध्यावर उतरवा, बोटांना लगेच दीड-दोन सेंटिमीटर जास्त मिळतात.

कानाचा रियाजही हवा, पण त्याला वेगळा वेळ नको. रोज ट्यूनर लावण्याआधी दोन तारा कानाने जुळवून बघा, आणि आठवड्यातून एक सोपी चाल कुठेही न बघता एका तारेवर शोधा.

राहिला गिटारचा प्रश्न. नवी लगेच घेऊ नका, आधी आहे ती तपासा. बाराव्या फ्रेटच्या पट्टीचा माथा आणि सहाव्या तारेची खालची बाजू यांतलं अंतर मोजपट्टीने मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक, पहिल्या तारेखाली दोनच्या आत. तीनच्या वर गेलं असेल तर तुम्ही विनाकारण झगडताय. तारा बाराच्या सेटच्या (पहिली तार बारा हजारांश इंच जाड) असतील तर अकराचा किंवा दहाचा लावून बघा, बार कॉर्डला बराच फरक पडतो.

मग एक शेवटची तपासणी. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि एफचा तोच आकार एक फ्रेट पुढे, म्हणजे दुसऱ्या फ्रेटवर धरा. कॅपोसह तो एकदम सोपा वाटला आणि कॅपो काढून पहिल्या फ्रेटवरचा एफ पुन्हा दगडासारखा लागला, तर नटच्या खाचा उंच राहिल्या आहेत. दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या आणि खाचा खोल करून द्यायला सांगा. स्वतः कानस लावू नका, केसभर जास्त घासलं गेलं की मोकळी तार खरखरायला लागते आणि नटच बदलावा लागतो. दोन्हीकडे सारखंच अवघड वाटलं तर गिटार निर्दोष आहे, आणि तुमचं काम पाचव्या फ्रेटवर सुरू होतं.